यंत्र कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. विद्यापीठांतील मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळांनी आपली खास उपकरणे उद्योगांनाही खुली करावीत, असे मी मूळ लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत : संशोधनासाठी सार्वजनिक पैशांतून घेतलेल्या यंत्रांचे अशाने भाडोत्री तपासणी केंद्र होईल, पीएच.डी.चे विद्यार्थी रांगेत मागे पडतील, आणि कंपन्यांच्या गोपनीयतेमुळे निष्कर्ष कुलूपबंद राहतील. यांपैकी दुसरा मला पूर्ण मान्य आहे आणि तिसरा बराचसा. पहिल्याशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

आमच्याकडे तपासणीसाठी आलेला एक बोल्ट आठवतो. उच्च ताकदीच्या पोलादाचा, जस्ताचा मुलामा दिलेला. आवळला तेव्हा शाबूत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोके आपोआप तुटून पडले. अर्जात मागणी एवढीच होती : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो आणि रासायनिक घटकांची यादी. मागितले तेवढेच दिले असते, तर लोह, जस्त, थोडे मँगनीज अशी यादी गेली असती, आणि तीत वावगे काहीच नसल्यामुळे पोलाद निर्दोष आहे असा समज करून घेऊन ते गृहस्थ परतले असते. पण ज्याच्यावर संशय घ्यायला हवा होता, तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन त्या यादीत येऊच शकत नाही. ही यादी नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून बनते, आणि घटकाची ओळख पटवणारे हे किरण तेव्हाच निघतात, जेव्हा अणूच्या आतल्या कक्षेतील जागा रिकामी होते आणि बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन तिथे उतरतो. हायड्रोजनजवळ तर मुळात एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याचा माग तुटलेल्या पृष्ठभागाच्या रूपावरूनच काढावा लागतो. सुमारे दोन हजार पटींनी मोठे करून पाहिले, तेव्हा तिथे टोकदार पैलूंचे खडे एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसे दृश्य दिसले, म्हणजे भेग धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून धावली होती. थकव्याने, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने, तुटले असते तर समांतर बारीक रेघा दिसल्या असत्या. केवळ जादा भाराने ताणून तुटले असते तर बारीक खळगे. मग आम्ही दोन प्रश्न विचारले : मुलामा देण्यापूर्वी बोल्ट आम्लात किती वेळ होता, आणि मुलाम्यानंतर तो लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवला होता का? तापवलाच नव्हता. आम्लात आणि मुलामा देताना पोलादात शिरलेल्या हायड्रोजनला बाहेर पडायला वाव मिळाला नव्हता. (जाता जाता : तुटलेले दोन तुकडे एकमेकांवर बसवून पाहण्याचा मोह कृपया टाळावा. त्या घर्षणात नेमका पुरावाच पुसला जातो.)

तपासणी केंद्र आणि प्रयोगशाळा यांतला फरक मला इथे दिसतो. केंद्र मागितलेले मोजून देते. प्रयोगशाळेने आधी विचारले पाहिजे की आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे. जी प्रयोगशाळा हे न विचारता केवळ तास विकते, तिच्याबाबत आपला आक्षेप रास्तच आहे.

उद्योगाचे प्रश्न संशोधनाला बाटवतात, असेही आपल्या लिहिण्यातून सूचित होते. या सूक्ष्मदर्शकाचा इतिहासच वेगळे सांगतो. केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात चार्ल्स ओटली यांनी १९४८ पासून एकामागून एक विद्यार्थ्यांकडून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घडवून घेतला. त्यांपैकी एक यंत्र १९५८ मध्ये थेट कॅनडातील कागद आणि लगदा संशोधन संस्थेकडे गेले, कारण कागदाच्या तंतूंचा खडबडीत पृष्ठभाग पाहण्याची तिथे निकड होती. ‘स्टिरिओस्कॅन’ हे व्यापारी यंत्र बाजारात आले ते १९६५ मध्ये. उद्योगाची गरज त्या प्रवासात वाटेतच होती, शेवटी येऊन चिकटलेली नव्हती.

यंत्र राखून ठेवल्याने टिकते, हाही समज बरोबर नाही. आजच्या बऱ्याच सूक्ष्मदर्शकांतील इलेक्ट्रॉनचा स्रोत सुमारे १८०० केल्विनला अहोरात्र तापत असतो आणि त्याभोवतीचे निर्वात टिकवण्यासाठी पंप अखंड चालू असतात. कोणी नमुना ठेवो न ठेवो, स्रोताचे आयुष्य सरतच असते. खरा धोका वेगळा आहे आणि तो आपण मांडलेला नाही : तेलकट किंवा सच्छिद्र नमुने आतले निर्वात बिघडवतात, आणि चुंबकीय भुकटी यंत्राच्या विद्युतचुंबकीय भिंगाकडे खेचली जाऊन आत अडकते. बाहेरचा नमुना यंत्राजवळ नेण्यापूर्वी तो स्वच्छ आणि कोरडा करणे व घट्ट बसवणे हे जाणत्या तंत्रज्ञाचे काम आहे. त्या तंत्रज्ञाच्या कायम नोकरीची तरतूद नसेल, तर प्रयोगशाळेने दार उघडूच नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

विद्यार्थ्यांबद्दल आपण लिहिलेले मला लागले, कारण ते मी पाहिले आहे. एका तातडीच्या औद्योगिक कामासाठी आमच्या एका विद्यार्थिनीची वेळ ऐनवेळी काढून घेण्यात आली. तिचा ताजा पॉलिश केलेला नमुना नंतरच्या आठवड्यापर्यंत ऑक्सिडीकरणाने काळवंडला आणि तिला सगळी तयारी पुन्हा करावी लागली. त्या निर्णयाला मी तेव्हा विरोध करायला हवा होता. विद्यार्थ्यांचे तास आधी नोंदले जावेत आणि उरलेलेच बाहेर द्यावेत. तातडी कोणाचीही असो, नोंदलेली वेळ हलवू नये.

गोपनीयतेविषयी थोडक्यात. कंपनीने भागाचे नाव आणि आपली उत्पादनप्रक्रिया झाकून ठेवावी. तो तिचा हक्क आहे. पण नमुना तयार करण्याची जी पद्धत प्रयोगशाळेला त्या कामात सापडली, ती प्रयोगशाळेचीच राहावी आणि शिकवता यावी, आणि कोणाचाही प्रबंध अशा करारामुळे अडकू नये, हे काम स्वीकारण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. मूळ लेखात ही अट नव्हती. आपल्या प्रतिक्रियेनंतर ती मी तिथे जोडली आहे.