क्ष-एक वजा क्ष-एक

रात्रीचे साडेअकरा. स्क्रीनवर मी लिहिलंय, क्ष₁ − क्ष₁. शिफ्ट-एंटर दाबतो. खाली उत्तर येतं, क्ष₁ − क्ष₁.

इतकी वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतोय. ज्यातून तेच वजा केलं की शून्य उरतं, याबद्दल आजवर एकाही विद्यार्थ्याने शंका काढलेली नाही. 'सिम्प्लिफाय' म्हणून एक आज्ञा असते, म्हणजे 'सोपं कर बाबा', तीही देऊन पाहिली. ढिम्म. आतून बायकोने विचारलं, "अजून शून्यच का?" म्हटलं, "शून्य आलं असतं तर झोपलो नसतो का?"

प्रकरण तसं किरकोळ होतं. सकाळी वर्गात किमान वर्ग पद्धत घ्यायची होती, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची. फळ्यावर ते दहा मिनिटांचं काम. क्ष-एक अधिक क्ष-दोन अधिक तीन टिंबं अधिक क्ष-एन. त्या तीन टिंबांवर आमचा अख्खा पेशा उभा आहे. पण यंदा हुक्की आली की सिमपायवर करून दाखवू. सिमपाय म्हणजे पायथन या संगणकभाषेतलं फुकटात मिळणारं बीजगणित. आकड्यांऐवजी अक्षरंच घेऊन बेरजा करतं, विकलन करतं, म्हणजे बदलाचा दर काढतं. फक्त टिंबांची भाषा त्याला कळत नाही. 'आणि असेच पुढे' म्हणजे नक्की कसे, हे पादांक, म्हणजे अक्षराच्या पायाशी बारीक आकडा, लावून सांगावं लागतं.

पादांक ही खरं तर फार सोयीची चीज. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना, म्हणजे अज्ञात संख्यांना, यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. पहिली सोडली तर सगळी रंगांची. पन्नास राशी निघाल्या तर साडीच्या दुकानातही रंग पुरायचे नाहीत. पादांकाला ती अडचण नाही. क्ष-पन्नास म्हटलं की झालं.

मात्र सिमपायमध्ये क्ष-एक दोन प्रकारे जन्माला येतो. एक, साधं चिन्ह, ज्याचं नावच 'क्ष अंडरस्कोर एक'. दुसरा 'इंडेक्स्डबेस' नावाच्या कुळातला, चौकटी कंसात एक घालून मिळणारा. स्क्रीनवर दोघे हुबेहूब सारखे दिसतात, पण एकमेकांशी काडीचं नातं नाही. पहिला म्हणजे एकनाथ. नावात एक आहे म्हणून शेजारी कुणी दोननाथ शोधत नाही. दुसरा म्हणजे हजेरीपटावरचा रोल नंबर एक. पुढे दोन आहे, तीन आहे, आय-वा आहे. मी जुन्या फाइलीतून एकनाथ उचलून आणला होता आणि त्याच्यातून रोल नंबर एक वजा करत बसलो होतो. शून्य येणार कुठून?

एकनाथची बोळवण केली. आता सगळ्या क्षंच्या वर्गांची बेरीज घेऊन क्ष-जे सापेक्ष विकलन. फळ्यावर मी डोळे मिटून दोन क्ष-जे लिहितो. इथे पुन्हा सिग्मा, म्हणजे बेरजेची खूण, आला आणि पोटात क्रोनेकर डेल्टा. लिओपोल्ड क्रोनेकर (१८२३–१८९१) या जर्मन गणितज्ञाच्या नावाची ही खूण. आय आणि जे सारखे असतील तर एक, नसतील तर शून्य. म्हणजे बरोबरच होतं म्हणा, एन पदांतलं जे-वं तेवढं जगतं, बाकीची मरतात. ती मारायला 'डूइट', म्हणजे 'करून टाक', म्हणावं लागतं. म्हटलं. तर दोन क्ष-जे आलं, आणि शेजारी सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यासारखी एक नोंद: जे हा १ ते एनच्या दरम्यान असेल तर, अन्यथा शून्य.

आधी राग आला. मग आठवलं, जे कुठे राहतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. वर्गातही कधी सांगत नाही.

साडेबाराला सूत्रात खरे आकडे घातले, पाच जणांच्या उंच्या, बेरीज एक ते पाच. लाल अक्षरांत उत्तर: यादीत एवढं काही नाही. पाच जणांच्या यादीत पाचवा नाही! पायथनच्या इमारतीत मोजणी तळमजल्यापासून, शून्यापासून. पाचवा माणूस चौथ्या मजल्यावर, आणि मी गच्चीवर उभा राहून त्याच्या नावाने हाका मारतोय. ओरडला तेही बरंच झालं. एक ते चारच मागितले असते तर तळमजल्यावरच्याला गुपचूप वगळून बेरीज दिली असती, आणि तीच मी ठोकून शिकवली असती.

सकाळी लॅपटॉप पिशवीतच ठेवला. खडू घेतला, टिंबं काढली, सवयीने दोन क्ष-जे लिहिलं आणि क्षणभर थांबून त्याच्यापुढे कंसात अटही लिहिली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, क्ष-एक म्हणजे पहिला की दुसरा?"

डोळे लाल होते बिचारीचे. "किती वाजेपर्यंत जागी होतीस?" मी विचारलं.