फ्रेंच गाड्यांचं मऊपण मोठ्या चाकांनी खाल्लं

फ्रेंच गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून हे मनापासून लिहितोय. नव्या गाड्या देखण्या आहेत, जास्त सुरक्षित आहेत, पण आत बसल्यावर जो आराम मिळायचा तो आटला. याचं खापर मी चाकांवर फोडतो.

सिट्रोएनची डीएस घ्या. १९५५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती आली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार जणांनी बुक केली. तिला आकार दिला शिल्पकार फ्लामिनियो बेर्तोनीने, सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा, इंजिनिअर पॉल माजेसची. लोखंडी स्प्रिंग नाहीच! प्रत्येक चाकाला एक गोळा, त्यात एकीकडे नायट्रोजन, दुसरीकडे तेल, मधे रबरी पडदा. खड्डा आला की तेल वायूला दाबतं आणि धक्का तिथेच जिरतो. रात्रभर उभी राहून खाली बसलेली डीएस इंजिन चालू केल्यावर कशी उठते, त्याचा एखादा व्हिडिओ जरूर बघा. आधी मागून, मग पुढून, अगदी सावकाश. मग पाच माणसं बसवा, डिकी भरा, उंची तेवढीच राहते. १९६२ मध्ये पॅरिसजवळ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी ही गाडी त्यांना घेऊन सुटली.

आणि आराम फक्त श्रीमंतांसाठी नव्हता. १९४८ च्या टूसीव्ही या सिट्रोएनच्याच स्वस्त गाडीसाठी कंपनीची अटच होती की नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ बनायची, तिच्यात फिरलेलं कुणी घरात असेल तर राइडबद्दल विचारा.

आता नवी रेनो ५ बघा. रूप मला खरंच आवडलं. १९७२ च्या गाडीच्या बॉनेटवर हवेची जाळी होती, तिच्या जागी आता बॅटरी किती चार्ज आहे ते दाखवणारे दिवे आहेत. जुन्याचा मान राखणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा चाकं १३ इंची होती, आता १८ इंची. चाकाची कमान भरलेली दिसावी म्हणून रिम मोठी होते, टायरचं रबर पातळ होतं आणि बारीक खडी थेट कमरेला कळते. वजनदार बॅटरी आवरायला स्प्रिंगही कडक लागते, हे मान्य. पण एवढी मोठी रिम लागतेच असं नाही.

सिट्रोएननेही २०१७ मध्ये जुन्या सी५ बरोबर ते गोळे बंद केले. त्यानंतर सी५ एअरक्रॉसमध्ये शॉकअबसॉर्बरच्या दोन्ही टोकांना हायड्रॉलिक अडसर दिले. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन आपटण्याआधी ते त्याला हळूच थोपवतात. डीएसची सर नाही, पण दिशा बरोबर आहे आणि कमी खर्चात होतं. कंपन्यांनो, हेच छोट्या गाड्यांनाही द्या, रिम दोन इंच लहान करा. निदान आपल्या रस्त्यांवर तरी लोक तुम्हाला दुवा देतील.