दोन टक्के आणि मंगळवारची संध्याकाळ

डेट्रॉइटजवळच्या ज्या उपनगरात मी गेली चौदा वर्षे राहतो, तेथील सार्वजनिक शाळेच्या कार्यशाळेत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दर मंगळवारी संध्याकाळी मी मुलांबरोबर यंत्रमानव बांधत असतो. डीन कामेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धेसाठी ही तयारी चालते. मुलांच्या टी-शर्टच्या पाठीवर देणगीदार कंपन्यांची बोधचिन्हे दाटीवाटीने छापलेली असतात. असे एक छायाचित्र मी आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि वाद पेटला. तिकडच्या कंपन्या आपणहून देतात, आपल्याकडे मात्र कायद्याचा बडगा उगारावा लागतो, असा बहुतेकांचा सूर होता. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला मी ही चर्चा ऐकवली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “दादा, कुणीही देऊ दे, पण पेटीबरोबर एक माणूस पाठवायला सांग.”

तिच्या शाळेला एका कंपनीकडून प्रयोगसाहित्याची पेटी मिळाली आहे. हस्तांतरणाचा समारंभ झाला, फलक लागला, छायाचित्रे निघाली. नंतर एका सूक्ष्मदर्शकाचे भिंग निखळले आणि तो कपाटात गेला, कारण दुरुस्तीची तरतूद ना कंपनीच्या प्रकल्पात होती, ना शाळेच्या अनुदानात.

येथे कायद्याची रचना पाहावी लागते. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. या सक्तीविषयी मला तक्रार नाही. खटकतात ते तिचे तपशील. सलग चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगत असल्याने कारखाने जेथे, निधीही बहुधा तेथेच राहतो. शिवाय कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मोल करून ते या खर्चात दाखवता येत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. खोट्या हिशोबांना आळा बसावा म्हणून तो आवश्यक असेलही, पण त्यामुळे पेटीची किंमत ताळेबंदात धरली जाते आणि अभियंत्याची संध्याकाळ धरली जात नाही.

आमच्या कार्यशाळेत नेमके हेच उलटे आहे. कंपन्यांचा धनादेश नोंदणीशुल्क आणि सुटे भाग यांत संपून जातो. मुले गणित शिकतात ती दातेरी चाके, बलाघूर्ण (टॉर्क) आणि बॅटरीचा भार यांवरून शेजारी बसलेल्या अभियंत्याशी वाद घालताना. मोटार उद्योगातील ही माणसे कार्यालयातून थेट येतात, थंड पिझ्झा खातात आणि दरवर्षी येत राहतात.

म्हणून तिकडे सारे आलबेल आहे, असे मात्र कुणी समजू नये. ज्या उपनगरात अभियंते राहतात तेथील शाळांच्या स्पर्धासंघांना मार्गदर्शक मिळतात आणि ओळखीपाळखीने देणग्याही मिळतात. डेट्रॉइट शहरातील अनेक शाळांना ते सोपे नाही. स्वेच्छेला भूगोल असतोच. मिशिगनमध्ये पाचशेहून अधिक संघ उभे राहिले, त्यामागे राज्य सरकारने दिलेली अनुदानेही आहेत, हे आमच्या गटावर कुणाला ठाऊक नव्हते. स्वेच्छेचा भरवसाही बेताचाच. शालेय विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी १९४२ पासून चालत आलेल्या ‘सायन्स टॅलेंट सर्च’ची प्रायोजक आधी वेस्टिंगहाउस होती, १९९८ पासून इंटेल, २०१७ पासून रीजेनेरॉन. स्पर्धा टिकली, कारण ती चालवणारी संस्था प्रायोजकाहून निराळी होती. सीमेन्सच्या नावाने चालणारी विज्ञान-गणित स्पर्धा मात्र २०१७ नंतर बंदच झाली.

आपल्याकडे हा धडा नवा नाही. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अनुदानातून सुरू झाले; पण ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असल्याने त्याला सार्वजनिक निधीचा कायमचा आधार लाभला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकवणाऱ्या गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था स्थापन केली. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष कामातून शिकवणारा विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात बसून सल्ले देणाऱ्या माझ्यासारख्याने ही शेवटची दोन नावे जरा संकोचानेच घ्यावीत.

तरीही एक सल्ला देतोच. प्रत्येक शैक्षणिक अनुदानात साहित्याच्या रकमेबरोबर त्याच्या देखभालीची आणि एका फिरत्या विज्ञान साहाय्यकाच्या मानधनाची रक्कम बंधनकारक करावी, मग पेट्या निम्म्या झाल्या तरी चालतील. दहा शाळांमागे एक माणूस असला तरी पंधरवड्यातून एकदा तो प्रत्येक शाळेत पोहोचू शकतो. बहिणीला हे सांगितले, तर तिने पहिला प्रश्न विचारला की तो माणूस मार्चअखेरीनंतरही येईल का. भिंगासाठी मी पैसे पाठवू का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पाठव, पण बसवणार कोण?”