म्युझियममधल्या रणगाड्याचा रंग खोटा असतो, मग तिथे जायचंच कशाला?

छंदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. इंदुरात रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागांत जी मोजकी मंडळी जेवणाच्या टेबलावर वॉरगेम मांडून बसतात, त्यांच्याकडेही तो पोचलाय. सारांश असा: वॉरगेमच्या (छोटे रंगवलेले सैनिक आणि गाड्या मांडून खेळायच्या लढाईच्या) छोट्या गाड्या रंगवण्यासाठी लष्करी म्युझियम बघायला जाणं म्हणजे वेळेची नासाडी. कारणं पाच दिली आहेत. तिथल्या गाड्यांवर मूळ रंग उरलेला नसतो. फोटो सगळे नेटवर आहेत. बोटभर गाडीत ते बारकावे दिसणारच नाहीत. निम्मे लोक तर काल्पनिक जगातले रणगाडे रंगवतात. आणि शेवटचं, इंदूरच्या आसपास बघण्यासारखं आहेच काय?

लिहिणारा माणूस अडाणी नाही. त्याचा पहिला मुद्दा तर खराच आहे, आणि बरेच जण मान डोलावतात ते त्याच्यामुळेच. घोळ आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

"तिथला रंग खोटा असतो"

असतो. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमचं उदाहरण घेऊ. (नगर आता अहिल्यानगर झालंय. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यात, तेव्हा इंदूरकरांनी तरी नवं नाव लक्षात ठेवावं. पण जिभेला नगरच येतं.) १९९४ मध्ये सुरू झालेल्या या म्युझियमात शर्मन, सेंच्युरियन, व्हॅलेंटाइन, विजयंता, टी-५५, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन अशी मंडळी उभी आहेत. ऊनपावसात राहणाऱ्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून त्यावर अधूनमधून रंग चढवावाच लागतो, आणि तो काही १९६५ सालच्या डब्यातला नसतो. थरावर थर बसून तो जाड होतो, चकाकतो. त्याच्यासमोर मोबाइल धरून शेड जुळवत बसणाऱ्याने खरंच घरी बसावं. त्यातून मोबाइलचा कॅमेरा भर उन्हात एक हिरवा दाखवतो आणि त्याच गाडीच्या सावलीतल्या बाजूला दुसराच.

पण मग खरा रंग कुठे ठेवलाय? जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडी सोडून गडद पिवळा हा पायाचा रंग घेतला. त्यावर मारायचे हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळत, आणि पातळ करायचं काम गाडीवरच्या जवानांचं. पेट्रोल हाताशी असेल तर पेट्रोल, नसेल तर पाणी. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांची छटासुद्धा सारखी येण्याची खात्री नव्हती. पुढे ऊन, धूळ आणि तेलाचे ओघळ आपापलं काम करत राहायचे. रंगाच्या बाटलीवर छापलेल्या नंबरावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. रंगाच्या बाबतीत म्युझियम नापास आहे, तशी बाटलीही नापासच आहे.

म्हणून म्युझियममध्ये रंग बघायचाच नाही, बघायचा तो रंगाखालचा पृष्ठभाग. टी-५५ चा बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) ओतीव पोलादाचा आहे. जवळून तो खरबरीत दिसतो, ओतकामाच्या खुणा अंगावर तशाच राहिलेल्या. विजयंताचा बुरूज मात्र सपाट पोलादी प्लेटा जोडून वेल्ड केलेला. प्लास्टिकच्या किटमध्ये दोन्ही एकसारखे गुळगुळीत येतात आणि आपण दोन्हींवर एकच ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) फिरवतो. ओतीव भागावर ड्रायब्रश शोभतो, कारण तिथे कोरड्या ब्रशला पकडायला काहीतरी आहे. सपाट प्लेटांवर त्याचे नुसते पट्टे उठतात. तिथे वेल्डच्या रेघेत वॉश (पातळ केलेला गडद रंग) सोडून बाकी भाग मोकळा ठेवलेला बरा. हा फरक एखाद्या व्हिडिओत ऐकून कळतो, पण त्या दोन पृष्ठभागांसमोर पाठोपाठ उभं राहिलं की पुढच्या गाडीला हात आपोआप वेगळा चालतो.

एएमएक्स-१३ चंही तसंच. या फ्रेंच बनावटीच्या हलक्या रणगाड्याचा बुरूज दोन तुकड्यांचा असतो. तोफ वरखाली करायची तर बुरुजाचा वरचा अख्खा भागच कलतो, आणि दोन तुकड्यांमधली फट झाकायला लवचीक आच्छादन असतं. किट रंगवणारे ते बिनदिक्कत बुरुजाच्याच हिरव्याने रंगवतात. टी-५५ चा धूर डाव्या फेंडरवरून (पट्ट्यावरच्या पत्र्यावरून) बाहेर पडतो, म्हणजे काजळी धरायची तर तिथे. मी दोन्ही बाजूंना सारखी काजळी फासलेले टी-५५ पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले काही बक्षीस मिळवलेले होते.

गंजाबाबत मात्र सावध राहावं लागतं. तिथला गंज उभ्या गाडीचा आहे. वापरातल्या रणगाड्याच्या पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग झिजून चकचकीत होतो. वर्षानुवर्षं जागचा न हललेल्या रणगाड्याचा तोच भाग मळकट तपकिरी पडतो. ते पाहून घरी येऊन सगळे पट्टे नारिंगी रंगवले तर तो म्युझियमचा रणगाडा झाला, लढाईतला नाही. आणि ज्या पट्ट्यांना रबराच्या गाद्या असतात त्या गाद्यांना आणि चाकांच्या रबरी कडांना गंज कुठून येणार? घासलेल्या जागांचंही तेच आहे. ड्रायव्हरच्या झाकणाची कड, चढायला पाय ठेवतात तो फेंडर, हाताची कडी, या जागा जवानांच्या वापराने झिजतात. शाळेच्या सहलीतली पोरं चढून-उतरून आणखी निराळ्याच जागा झिजवतात. कोणती झीज कोणाची हे ओळखायला थोडं थांबून बघावं लागतं, एवढंच.

"फोटो सगळे नेटवर आहेत"

आहेत, आणि काही बाबतींत म्युझियमपेक्षा सरस आहेत. वॉरगेममध्ये आपण गाडी वरून बघतो, म्युझियममध्ये खालून. इंजिनावरच्या जाळ्या, झाकणांची मांडणी, बुरुजाचं छत हे सगळं जमिनीवरून नीट दिसत नाही. त्यासाठी आराखडे आणि फोटोच बरे. तुकड्यांच्या खुणा, नंबर, छलावरण यांच्यासाठी युद्धकाळातले जुने फोटो लागतात, म्युझियममधल्या पाट्या आणि खुणा नव्हेत. इथवर मजकुराशी माझं भांडण नाही.

पण फोटोत प्रत्येक रणगाडा चौकट भरून बसतो. पॅटनही तेवढाच, एएमएक्स-१३ ही तेवढाच. १९६५ ची असल उत्तरची लढाई ज्यांना मांडायची आहे त्यांनी याचा विचार करावा. खेमकरणजवळच्या त्या लढाईत आपल्या रेजिमेंटांपैकी डेक्कन हॉर्सकडे शर्मन होते, ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन आणि ८ कॅव्हलरीकडे एएमएक्स-१३. समोर पाकिस्तानचे पॅटन. या चारही जाती नगरला एकाच आवारात बघता येतात. शर्मन किती उंच आणि अरुंद, सेंच्युरियन किती लांबलचक, एएमएक्स-१३ किती बसका, हे त्यांच्यामधून चालत गेलं की कळतं. मग दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच टेबलावर ठेवताना "दोन्हींवर १/७२ लिहिलंय" (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) एवढ्यावर समाधान होत नाही.

जाता जाता मातीबद्दल. आपण माळव्यातले लोक गाडीला चिखल लावताना नकळत काळी माती लावतो. खेमकरणची माती पंजाबातली, गाळाची, फिकट भुरकट. हे मात्र म्युझियम सांगणार नाही, तिथल्या पट्ट्यांत अडकलेली माती नगरची असते.

"एवढ्याशा गाडीत ते दिसणारच नाही"

या मुद्द्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळालेत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कच्चा आहे. थोडा हिशोब करू. १/७२ ची गाडी आपण हातात धरून साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. म्हणजे खरी गाडी सुमारे २१.६ मीटरवरून बघितल्यासारखं झालं. १/१०० ची असेल तर ३० मीटर. २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांबरोबर चालणारी १/५६ ची गाडी घेतली तर जवळपास १७ मीटर. टेबलाशी उभं राहून एक मीटरवरून बघितलं की १/१०० वाल्याला खरा रणगाडा शंभर मीटरवर उभा आहे.

तर म्युझियममध्ये गाडीला नाक लावून झालं की मागे सरकायचं. वीस-बावीस मीटर मोजायचे आणि तिथून बघायचं. त्या अंतरावरून रिव्हेट, पोपडे, ओरखडे यातलं बहुतेक विरून जातं. उरतं ते वेगळंच: बुरुजाच्या मागच्या भागाखाली पडलेली काळीशार सावली, चाकांमधल्या अंधाऱ्या पोकळ्या, वरच्या आडव्या पृष्ठभागांचा फिकटपणा, झाकणांच्या कडेची एक उजळ रेघ. छोट्या गाडीवर रंगवायचं ते हेच. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली इंचभर गाडीची स्वतःची सावली इतकी पुसट पडते की ती आपल्यालाच रंगवून द्यावी लागते, वरून फिकट आणि खालून गडद. ती नेमकी कुठे गडद असते हे दुपारच्या उन्हात खऱ्या रणगाड्याकडे बघून जितकं पक्कं कळतं, तितकं दुसऱ्याच्या रंगवलेल्या मॉडेलवरून कळत नाही. त्याने तिसऱ्याचं बघून रंगवलेलं असतं.

आता उलट्या बाजूने. स्पंजने चिपिंग करताना, म्हणजे उडालेल्या रंगाचे पोपडे दाखवताना, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका सहज पडतो. १/७२ मध्ये तो ३.६ सेंटिमीटरचा पोपडा झाला, १/१०० मध्ये ५ सेंटिमीटरचा. असे शे-दीडशे ठिपके गाडीभर मारले, की चिलखताला देवी आल्या. टेबलावर उठून दिसावं म्हणून थोडी अतिशयोक्ती करायला माझी ना नाही, मीही करतो. पण किती वाढवून मांडतोय हे ठाऊक असलं तर हात कुठे थांबवायचा तेही ठरवता येतं. थोडक्यात, लहान स्केलवाल्याला म्युझियमची गरज कमी नाही, जास्त आहे. मोठ्या स्केलवाला सगळंच दाखवू शकतो. काय गाळायचं ते लहान स्केलवाल्याला ठरवावं लागतं.

"आमचे रणगाडे काल्पनिक आहेत"

काल्पनिक म्हणजे हवेतून पडलेले नव्हेत. वॉरहॅमर ४०,००० या काल्पनिक भविष्यातल्या वॉरगेममधल्या लँड रेडर रणगाड्याचे पट्टे बघा, दोन्ही कुशींना वरून खाली वळसा घालणारे. सप्टेंबर १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत उतरलेल्या ब्रिटिश मार्क १ रणगाड्याची आठवण येतेच. असल्या गाड्यांवर रिव्हेटांची खैरात असते, आणि रिव्हेट कसे मळतात ते व्हॅलेंटाइनवर बघता येतं. मळ रिव्हेटच्या डोक्यावर साचत नाही, त्याच्या बुडाशी आणि खालच्या अंगाला साचतो. परग्रहावरच्या रणगाड्यालाही काजळी धुरांड्याशीच धरणार आणि त्याचा जवानही चढायला कुठेतरी पाय ठेवणारच. उलट, ज्याचा एकही फोटो अस्तित्वात नाही त्या गाडीला खरेपणा द्यायचा तर तो उसना आणण्याची जागा हीच.

"इंदूरच्या आसपास आहे काय?"

महू आहे. पंचवीसेक किलोमीटर. तिथलं इन्फंट्री म्युझियम रणगाड्यांचं नाही, पायदळाचं आहे, त्यामुळे गाड्यांसाठी म्हणून गेलात तर हिरमोड होईल. पण नुसत्या गाड्यांनी कोण खेळतं? सोबतचे सैनिकही रंगवावे लागतात, आणि १९६२ चा .३०३ वाला जवान कोणता, नंतरचा सेल्फ लोडिंग रायफलवाला कोणता, हे न कळल्याने लोक खुशाल दोघांची सरमिसळ करतात.

रणगाड्यांसाठी नगरच. ते लांब आहे खरं, पण पुण्याला नातेवाईक नसलेला मराठी इंदूरकर अजून मला भेटायचाय, आणि धुळे-मनमाड-शिर्डीवरून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बस नगरवरूनच जातात. लग्नामुंजीला जाताना पहाटे मध्येच उतरायचं आणि दुपारची गाडी धरून पुढे जायचं, एवढाच काय तो वाढीव खर्च. दोन्हीकडे फोटो काढू देतात का ते दारावर आधी विचारावं, आणि नाही म्हणाले तर हुज्जत न घालता वही-पेन्सिल काढावी. सावल्या कुठे पडतात ते टिपायला पेन्सिल कॅमेऱ्यापेक्षा बरी पडते.