पावती फाटली म्हणून दावा बुडत नाही

आमच्या वणी तालुक्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: हेल्मेट नव्हतं, लायसन नव्हतं किंवा गाडीवर तिघं होते आणि पोलिसांनी पावती फाडली, तर अपघाताची भरपाई विसरा. पावती भरली की गुन्हा कबूल. समोरच्याची फाटली तर केस आपलीच. आणि शेवटी सल्ला: पोलिसांच्या भानगडीत पडू नका, जागेवरच मिटवा.

मला तो वहिनीनं दाखवला, दवाखान्यात. माझा चुलतभाऊ कापूस विकून येत होता, कोळशाच्या टिप्परनं मागून ठोकलं. मोटारसायकलवर तिघं, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. भावाच्या मांडीचं हाड मोडलं. टिप्परमालकाचा माणूस वीस हजार रुपये आणि लिहून आणलेला कागद घेऊन व्हरांड्यात बसलेला. "भाऊजी, पावती तं आपलीच फाटली. आता काय भेटणार हाय? घेऊन टाकू का?"

तर आधी तिघांचं बघू. गाडीवर तिघं बसले हा नियमभंग आहेच, त्याचा दंड वेगळा. दाव्यात मात्र धडक कशामुळे झाली हे बघतात. 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. मोटारसायकलवर तिघं होते, मागे बसलेला 23 वर्षांचा मुलगा गेला, आणि तिघं होते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं भरपाईतले दहा टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयानं ती कपात रद्द केली. तिघं असल्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला असं दाखवता आलं, तरच मृताच्या वाट्याला निष्काळजीपणा येतो. नुसतं तिघं असणं पुरत नाही. उभ्या रस्त्यावर टिप्पर मागून येऊन आदळला, तर गाडीवर एक होता की तीन, टिप्परला काय फरक पडला?

लायसनचंही तसंच. 2008 च्या सुधीर कुमार राणा प्रकरणात मुलगा अल्पवयीन होता, लायसन नव्हतं. तेवढ्यानं त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असंच न्यायालय म्हणालं.

हेल्मेटच्या बाबतीत मेसेज अर्धा पाव खरा आहे. डोक्याला मार असेल तर विमा कंपनी हा मुद्दा काढणारच, आणि थोडीफार रक्कम कापली जाऊ शकते. पण मोडली मांडी. मांडीला हेल्मेट कोण घालतं?

मेसेजवाल्यानं खरा घोळ केलाय तो दोन वेगवेगळे विमे एकाच पोत्यात भरून. टिप्परच्या विम्यातून आपल्याला मिळते ती तिसऱ्या पक्षाची, म्हणजे थर्ड पार्टी भरपाई. आपल्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो वेगळा. या दुसऱ्यात लायसन नसेल तर कंपनी सरळ हात वर करते, आणि तिथे पावतीचा कागद तिला आयताच सापडतो. पहिल्यात उलट, टिप्परचालकाकडेच लायसन नसलं तरी जखमी माणूस वाऱ्यावर पडत नाही. 2004 च्या स्वर्णसिंग निकालापासून अशा वेळी कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची, अशी वाट आहे. टिप्परला विमाच नसेल तर मात्र मालकाच्या खिशातून काढावं लागतं. विमा न काढता ट्रॅक्टर रस्त्यावर आणणाऱ्या आपल्या शेतकरी भावांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तिथे शेत जातं.

आता 'पावती भरली म्हणजे कबुली'. हेल्मेटची पावती भरणं म्हणजे फार तर हेल्मेट नव्हतं एवढं मान्य करणं. धडक आपण दिली असं त्यात कुठेच येत नाही. सावध राहायचं ते एकाच ठिकाणी: पावती धोकादायकरीत्या गाडी चालवल्याची, म्हणजे कलम 184 ची असेल, आणि ती त्याच अपघाताची असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नका. न्यायालयात उभं राहून 'कबूल' म्हटलं तर ते दाव्यात तुमच्यापुढे ठेवतील.

समोरच्याची पावती फाटली की जिंकलो, हेही खोटं. मला वाटतं हा गोंधळ हिंदी व्हिडिओंतून आला. हिंदीत दोषारोपपत्रालाही 'चालान' म्हणतात. 'पुलिस ने चालान पेश किया' ऐकून आपल्याकडे रस्त्यावरची पावती समजली जाते. दाव्यात वजन असतं ते एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र आणि डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी चालतं. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी दावा आपोआप मरत नाही, हे 1980 पासून ठरलेलं आहे.

आणि म्हणूनच 'जागेवरच मिटवा' हा सल्ला सगळ्यात वाईट. पोलिसांत गेलोच नाही तर पंचनामा कुठून येणार? ब्रेकच्या खुणा एका पावसात जातात. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, द्यायचा असतो. दाव्यालाही कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. धडक देणारं वाहन पळून गेलं, सापडलंच नाही, तरी मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. तो अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयातून जातो, आणि तिथेही पोलिसांचे कागद मागतात. बरं, अपघात नागपूरकडे झाला तर तिकडेच खेटे घालावे लागतात असंही नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा टाकता येतो.

वहिनीनं त्या माणसाचा कागद परत केला. तो जाताना म्हणाला, "कोर्टात बारा वर्षं जातीन." जातीलही. तारखा पडतात, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी तोच माणूस चाळीस हजार घेऊन आला.