आधी ड्यूट्या लावा, मग बॅगा भरा

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. ती, नवरा आणि दोन मुलं पहिल्यांदाच तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाला चाललेत, मुक्काम तंबूत. "तुझी ती सामानाची यादी पाठव ना." माझी यादी आमच्या गोतावळ्यात जरा बदनाम आहे. चौऱ्याहत्तर ओळींची आहे, आणि त्यात 'कपड्यांचे चिमटे' दोनदा आलेत. (असू देत. तंबूत चिमटे कितीही न्या, कमीच पडतात.) यादी पाठवली आणि अर्ध्या तासाने तिला फोन केला. म्हटलं, ती यादी आत्ता उघडूच नकोस. आधी एक कोरा कागद घे, तीन दिवसांचे खण पाड, आणि कुठल्या वेळी मुलांपाशी कोण थांबणार ते लिही.

ती हसली. "अगं, ते बघू तिथे गेल्यावर."

हे 'बघू तिथे गेल्यावर' मी चार वर्षांपूर्वी बघून आलेय. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, मुलगा दीडचा. तिकिटं मी काढली, तंबू मी शोधला, बॅगा मी भरल्या. सगळा घाट घातला तो एका गायिकेसाठी, जिला ऐकायचं माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. शनिवारी रात्री साडेनऊची वेळ. आठ वाजता धाकटा रडायला लागला, सव्वाआठला मी त्याला तंबूत घेऊन गेले, "तू हो पुढे, मी आलेच" असं नवऱ्याला सांगून. पावणेदहाला तो झोपला, माझ्या दंडावर. मग पुढचा सव्वा तास मी अंधारात पडून तंबूच्या छताकडे बघत होते आणि माझी गायिका मला ऐकू येत होती ती फक्त धम्, धम्, धम्. तिचा आवाज नाही, शब्द नाहीत, नुसता बास. नंतर वाचलं की हे असंच होणार होतं: ५० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या, स्वराची लाट जवळपास सात मीटर लांब असते, तिला गर्दी, झाडं, तंबूचं कापड काहीच अडवत नाही. वरचे स्वर मात्र हवाच खाऊन टाकते.

नवरा अकराला परत आला, चेहरा नुसता उजळलेला. मी रडत होते हे त्याला टॉर्च लावल्यावर कळलं. मग तो ते वाक्य बोलला, जे बहुतेक सगळ्या घरांत बोललं जातं: "तू सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो की."

खरंय. थांबला असता. तो वाईट माणूस नाही आणि ही पोस्ट नवऱ्यांविरुद्धही नाही. मला एक घर माहितीये जिथे हाच प्रकार उलटा झाला आणि वडील तीन रात्री तंबूत बसून आले. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या हातात बॅगांची यादी असते त्याच्याच गळ्यात संध्याकाळ पडते. मुलाची दुपट्याची पिशवी कुठे आहे हे ज्याला माहीत, त्यालाच उठावं लागतं. तिथे पोचल्यावर वाटाघाटी होत नाहीत. मूल रडतंय, स्टेजवर दिवे लागलेत, अशा वेळी कोण म्हणणार की थांब, आपण जरा न्याय्य वाटणी करू?

म्हणून आता आमच्याकडे कागद आधी होतो. नियम फार नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला रोजचा एक कार्यक्रम हक्काचा. त्या वेळी त्याला मुलं दाखवायची नाहीत, फोन करायचा नाही, 'शूज कुठे ठेवलेत' विचारायचं नाही. बाकीचं मिळालं तर मिळालं. मुलीलाही रोजची एक निवड, आणि ती काहीही असली तरी तिच्याबरोबर कुणीतरी जायचंच. गेल्या वर्षी तिने सलग दोन दिवस ढोल शिकवणारी तीच कार्यशाळा निवडली आणि मला दोन्ही दिवस वाजवावं लागलं. तळहात लाल, पण मजा आली, हे तिला सांगितलेलं नाही.

इथे एक अडचण येते. कुठल्या स्टेजवर कोण किती वाजता, हे महोत्सववाले बऱ्याचदा अगदी शेवटी जाहीर करतात. मग कागद आधी कसा करायचा? वेळा लिहू नका, आकार लिहा. शुक्रवारी उशिराची रात्र तुझी, शनिवारची माझी, रविवारी दुपार माझ्या आईची. वेळापत्रक आलं की नावं खणात बसवायची, आणि दोघांना एकच कार्यक्रम हवा असेल तर भांडण घरच्या सोफ्यावर करून घ्यायचं. तिथे सोफा नसतो.

आणि शेवटच्या कार्यक्रमावर सगळी मदार ठेवू नका. १९६९ चं वुडस्टॉक, अमेरिकेतला तो गाजलेला संगीत महोत्सव, १५ ते १७ ऑगस्ट असं ठरलेलं होतं. पाऊस, खोळंबा, उशिरावर उशीर, आणि शेवटचा कलाकार, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, स्टेजवर आला तो सोमवारी, १८ तारखेला सकाळी. चार लाखांच्या आसपास लोक आले होते म्हणतात, पण तोवर बहुतेक घरी निघून गेलेले. त्यांच्यात लहान मुलांचे आईबाप किती असतील याचा मी नेहमी विचार करते. रविवारी रात्री अकरा वाजता कुणीतरी म्हणालंच असेल, चल गं, उद्या शाळा आहे. (ऑगस्ट होता, शाळा नसेल. पण म्हणालंच असेल.)

कानांबद्दल मात्र मी अजिबात हसत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या 'निऑश' संस्थेने मोठ्या माणसांना जी मर्यादा सुचवली आहे ती ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो मापदंड दिला, त्यात आवाजाची वरची सरासरीच १०० डेसिबल धरली आहे. आता हा हिशोब दीड वर्षाच्या कानाला लावून बघा. खांद्यावर मूल, मूल नाचतंय, सगळे फोटो काढताहेत, कानावर काही नाही, हे दृश्य मला आता बघवत नाही. इअरमफ घ्या, कानावर बसणारे, घट्ट पट्ट्याचे. लहानांना कानात घालायचे बोळे नकोत, ते काढून तोंडात घालतात. महोत्सवाच्या आधी पंधरा दिवस घरी रोज थोडा वेळ घालायला लावा, नाहीतर तिथे पहिल्याच मिनिटाला भिरकावले जातील. आमच्या चिरंजीवांनी घरात मिक्सर चालू असताना ते घालायची सवय लावून घेतली आणि आता मी ओरडायला लागले तरी घालतो.

शिवाय मागे उभं राहा. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. मोठ्या स्टेजवर स्पीकरांची जी उंच माळ टांगलेली असते तिचा आवाज जरा हळू उतरतो, पण उतरतो. ध्वनीवाल्यांचा मंच मधोमध असतो, त्याच्याही मागे आणि थोडं बाजूला ही आमची जागा. तिथे आवाजाचा तोल चांगला असतो, बसता येतं, आणि निघायचं झालं तर माफी मागत शंभर माणसं ओलांडावी लागत नाहीत.

तंबूबद्दल यादीत सगळं आहे, तरी दोन गोष्टी बोलतेच. 'चार माणसांचा तंबू' म्हणजे काड्यापेटीत काड्या ठेवतात तशी चार माणसं, सामान बाहेर पावसात. चौघं असाल तर सहाचा घ्या. आणि तो निघण्याआधी एकदा मैदानात नेऊन उभा करा, शेवटच्या खुंटीपर्यंत. आमच्या पहिल्या वर्षी एक काठी कमी निघाली, रात्री आठला, वारा सुटलेला असताना. दुकानदाराला बोल लावून काय करणार, पिशवी उघडून न बघता गाडीत टाकली होती मीच.

जागा निवडताना उतार बघा. मोठमोठे महोत्सव शेतात आणि कुरणात होतात. वुडस्टॉक मॅक्स यासगरच्या दुधाच्या शेतीवर झालं, इंग्लंडमधला ग्लास्टनबरी महोत्सव १९७० पासून मायकेल ईव्हिसच्या गोठ्याच्या कुरणांवर भरतो. गवतावर लाखभर पाय पडले की गवत संपतं आणि उरतो चिखल. २००५ मध्ये ग्लास्टनबरीला वादळी पाऊस झाला तेव्हा सखल भागातले कित्येक तंबू पाण्यात गेले. दुपारी सपाट, मऊ, रिकामी जागा दिसली आणि वाटलं वा, कशी कुणी घेतली नाही, तर ती का घेतली नाही हे शेजारच्यांना विचारा. संडासापासूनही फार जवळ नको, फार लांब नको. रात्रीसाठी झाकणाचं भांडं न्या. हसू नका. पहाटे तीनला, अंधारात, दोऱ्यांना अडखळत, साडेपाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभे राहिलात की मला आठवाल.

थंडी वरून येते असं वाटतं, पण रात्री अंग गारठवते ती जमीन. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवाच उरत नाही, म्हणून ती खालून ऊब धरत नाही. चांगली मॅट जाड पांघरुणापेक्षा जास्त कामाची. आणि कितीही गारठलात तरी शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूच्या आत घ्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

हरवण्याबद्दल. एवढ्या गर्दीत फोनचं नेटवर्क कोलमडतं, तेव्हा 'फोन कर' ही योजना नाही. मुलीच्या मनगटावर आमचा नंबर मार्करने लिहिलेला असतो, आणि पाठ केलेलं एकच वाक्य: हरवले तर मी चालणार नाही, उभी राहीन. शोधणारा चालतो, हरवलेला उभा राहतो. दोघंही चालले तर तासभर एकमेकांना चुकवत फिरतात. तंबूच्या काठीला आम्ही आईच्या जुन्या केशरी ओढणीचा झेंडा बांधतो, कारण रात्री सगळे तंबू एकाच आईची लेकरं दिसतात.

आता ज्यांच्या ओठांवर 'मुलांना न्यायचंच कशाला' आहे त्यांच्यासाठी. मला हा प्रश्न दर वर्षी येतो, बहुतेक ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांच्याकडून. काही महोत्सव फक्त मोठ्यांसाठी असतात, तिथे नेऊच नये, नियम आधी वाचावेत. पण ग्लास्टनबरीसारख्या ठिकाणी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीटच लागत नाही, त्यांच्यासाठी वेगळं मैदान राखलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी कुटुंबांच्या तंबूंना निराळी, शांत जागा देतात. नेऊ नका म्हणणं सोपं आहे. मात्र मी असंही बघितलंय की नेतात आणि मग मुलांनी मोठ्यांसारखं वागावं म्हणून तीन दिवस त्यांच्यावर डाफरतात. मुलांसाठी तंबू हाच महोत्सव असतो. खुंटीवर हातोडा मारणं, हेडलॅम्प लावून दात घासणं, शेजारच्या तंबूतल्या मुलाशी दोस्ती. स्टेजवर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. माझी आई तर म्हणते तिलाही फारसं नाही. पण घडीच्या खुर्चीत बसून गेल्या वर्षी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त संगीत तिनेच ऐकलं, कारण कागदावर तिच्या नावापुढे काय लिहिलंय ते तिने कुणाला खोडू दिलं नाही.

परतीचं थोडक्यात: शेवटच्या दिवशी उजेड असतानाच पाऊण सामान बांधा. तंबू ओला बांधावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा, कितीही दमला असलात तरी, नाहीतर बुरशी धरते. आणि 'वाळत कोण घालणार' हाही एक खण आहे, तोही कागदावर हवा.

मैत्रिणीने काल रात्री तिच्या कागदाचा फोटो पाठवला. सुबक रेघा, रंगीत पेनं, मुलांची नावं, खाली छोटासा तंबू काढलेला. तीन दिवसांच्या, दिवसाला दोन अशा संध्याकाळच्या सहा खणांपैकी पाच खणांत तंबूपाशी थांबायला तिचंच नाव, तिच्याच अक्षरात.

परत पाठवलाय.