खांदे मोजा आणि हँडलबार घ्या? जरा थांबा

पावसाळा सरला, सायकली बाहेर निघाल्या की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘खांदे मोजा, तोच हँडलबारचा साइझ. रोड बाइकला जितका अरुंद तितका वेग, ग्रॅव्हलला जितका फ्लेअर तितका कंट्रोल. हात बधिर होतात? कार्बन बार घ्या. आणि मुंबईच्या ट्रॅफिकला ड्रॉप बार चालतच नाही, दोन-तीन हजारांत फ्लॅट बार बसवून टाका.’ (ड्रॉप बार म्हणजे पुढे जाऊन खाली वळलेला, फ्लॅट म्हणजे सरळ. ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांची सायकल, आणि फ्लेअर म्हणजे ड्रॉपची टोकं बाहेर फाकलेली असणं.) यंदा माझा भाचा हा फॉरवर्ड वाचून थेट दुकानात निघाला होता, म्हणून हे लिहितोय.

खांद्यांचा नियम अगदीच खोटा नाही. पण मोजायचं कुठून, हे त्यात नाही. खांद्याच्या वर, बाहेरच्या टोकाला बोटाला लागणारं हाड असतं. एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत मोजायचं. मी टी-शर्टवरून, दंडाच्या मांसासकट टेप लावला होता आणि ४४ सेंमीचा बार घेऊन आलो. कसाऱ्याची राइड झाली की दोन दिवस मान वळायची नाही. आता ४० वापरतो.

बरं, माप नीट घेतलं तरी बारवरचा आकडा कशाचा? कुणी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, कुणी बाहेरून बाहेर. नळीच सुमारे २४ मिमी जाड, म्हणजे एकाचा ४० तो दुसऱ्याचा ४२. ग्रॅव्हल बारला तर हूडपाशी, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीपाशी, एक रुंदी आणि खाली ड्रॉपच्या टोकांशी दुसरी. १६ अंशांचा फ्लेअर, १२ सेंमी खोल ड्रॉप धरा; खाली दोन्ही बाजू मिळून सहा-सात सेंटिमीटर सहज वाढतात. दुकानात टेप घेऊन जा, लाजू नका.

अरुंद बारने हवेचा अडथळा कमी होतो, हे खरं. रेसर मंडळींनी ते इतकं ताणलं की युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला २०२६पासून रोड रेससाठी बाहेरून बाहेर किमान ४०० मिमीची अट घालावी लागली. ईस्टर्न एक्सप्रेसवर सिग्नल झेलत ताशी पंचवीस किमीच्या वेगाने जाणाऱ्याने त्यात किती जीव गुंतवायचा?

फ्लेअर उपयोगी पडतो तो ड्रॉपमध्ये हात ठेवून खडबडीत उतार उतरताना. आपला बहुतेक वेळ जातो हूडवर, आणि फ्लेअर फार असला की लिव्हर तिरके होऊन मनगट वाकडं पडतं. मुंबईतलं ग्रॅव्हल म्हणजे उखडलेले पेव्हर ब्लॉक. खरी खडी मुरबाड-शहापूरकडे. बाराएक अंश पुरतात.

कार्बनचं थोडक्यात: करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दबतेय. बहुतेकदा बार फार दूर किंवा फार खाली असतो, नाहीतर सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. ते आधी बघा, फुकट आहे. मग टायरमधली हवा.

सगळ्यात महागात पडणारा सल्ला शेवटचा, फ्लॅट बार बसवण्याचा. ड्रॉप बारची नळी लिव्हरपाशी २३.८ मिमी, फ्लॅट बारची २२.२, म्हणजे जुने ब्रेक-शिफ्टर त्यावर बसणारच नाहीत. नवे घ्यायचे तर ते जुन्या डिरेलरशी (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि ब्रेकच्या केबल-खेचीशी, म्हणजे लिव्हर दाबल्यावर केबल किती ओढली जाते त्याच्याशी, जुळायला हवेत. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारा, असेल तर खर्च आणखी वाढला. शिवाय रोड फ्रेम मुळात आखूड असते, कारण बार पुढे सात-आठ सेंटिमीटर जातो हे धरलेलं असतं. फ्लॅट लावला की तेवढं अंतर गेलं, मग लांब स्टेम, म्हणजे बारला सायकलशी जोडणारा तुकडा, शोधा. आणि ट्रॅफिकचंच म्हणाल तर फ्लॅट बार बहुतेकदा साठ सेंमीच्या आसपास किंवा पुढेच असतो. सायनच्या सिग्नलला बेस्टची बस आणि रिक्षा यांच्यामधल्या फटीतून माझा ४०चा ड्रॉप बार रोज निघतो. भाच्याला तिथेच नेऊन दाखवलं. त्याने बार ठेवला, फक्त स्टेम एक साइझ आखूड केला.